सिद्धू, काकूंचं तिकीट काढायच्या आधी हे वाच

प्रिय सिद्धू,

तुझा मेसेज काल रात्री दोनदा वाचला. काकूंना मार्चमध्ये कायमचं सिंगापूरला नेतोयस हे वाचून बरं वाटलं, त्या इथं सोलापुरात एकट्या राहतात त्याची काळजी मलापण असते. पण खाली तू लिहिलंयस ना, की हवेचं टेन्शन नाही, दोन्हीकडं वर्षाची सरासरी २७-२८च आहे, तिथं मी अडकलो बघ. फोनवर एवढं सगळं नीट सांगता येत नाही म्हणून लिहायलोय.

आकडा तुझा बरोबर आहे, चूक नाही. सोलापूर २७ च्या आसपास, सिंगापूर २७-२८, मुंबई २७, नागपूरपण तिथंच. पण सरासरी काढतात कशी, रोजचं कमाल नि किमान घ्यायचं, दोन्हीचा मध्य काढायचा, मग महिन्याचा, मग वर्षाचा, आणि अशी ३० वर्षं एकत्र करायची. एवढ्या वेळा मध्य काढल्यावर आपला मे पण विरघळून जातो आणि आपला डिसेंबर पण. इथं मे महिन्यात दुपारी ४०-४१ रोजचंच, मध्येच ४३-४४ पण होतं, आणि डिसेंबरात पहाटे १५-१६. सिंगापूरला आजवर पारा ३७ च्या वर गेलेलाच नाही, आणि जानेवारी नि मे यांच्या महिन्याच्या सरासरीत जेमतेम दोन डिग्रीचा फरक. म्हणजे आपण वर्षभर वर-खाली करत २७ ला येतो, तुम्ही २७ वरच बसलेले असता.

कारण साधं आहे. तुम्ही विषुववृत्ताच्या अगदी जवळ, दिवस बाराही महिने सारखाच, आणि चारी बाजूंनी समुद्र. पाणी सावकाश तापतं, सावकाश निवतं, ते हवेला फार वर जाऊ देत नाही की फार खाली येऊ देत नाही. आपल्याकडं मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आकाशात ढग नाही, रान मोकळं, काळी माती भेगाळलेली, तिच्यात निवायला ओलच नाही, मग ती तापते आणि आपल्याला पण तापवते. मुंबईत पण मेमध्येच सूर्य डोक्यावर येतो, पण दुपारी समुद्रावरनं वारा सुटतो आणि पारा ३३-३४ ला थांबतो.

पण खरी गोष्ट तर पाऱ्याची नाहीच रे, ओलीची आहे. आणि हे मला हवामानाच्या अ‍ॅपनं नाही, लूमनं शिकवलं. आमच्या टॉवेलच्या कारखान्यात एप्रिल आला की सूत कोरडं पडतं आणि धागा तटातट तुटायला लागतो, कारागीर जोडून जोडून वैतागतो. कापसाच्या सुतात ओल असली तरच त्याला ताकद, म्हणून शेडमध्ये पाण्याचे फवारे सोडून हवा दमट ठेवावी लागते. बाहेर ४१ डिग्री नि कोरडी हवा, आत ३३-३४ आणि घामानं अंगाला चिकटलेला बनियन. तुला खरं सांगतो, बाहेरच्या उन्हात सावली बघून उभं राहिलं तर जीवाला बरं वाटतं, आत नाही वाटत. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून बघितलं तर हेच दिसतं, ४१ डिग्री आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ओला पारा २३ च्या आसपास उतरतो, आणि ३२ डिग्री, ६५ टक्क्यांना मात्र २६-२७ वरच अडकतो. अंगावरचा घाम म्हणजे तेच ओलं फडकं. म्हणून तर आपला कूलर इथं काम करतो आणि तिकडं नुसती दमट हवा फेकेल, आणि माठाचं पाणी पण तिकडं इथल्यासारखं गार होणार नाही.

तुला परळची रूम आठवते का? मी जुलैत घरनं कडक भाकरीचा डबा नेला होता. इथं ती भाकरी महिना महिना टिकते, मोडली की कट्ट आवाज येतो. तिथं तिसऱ्या दिवशी सादळून चामड्यासारखी झाली, वाकवली तर वाकायची पण मोडायची नाही, आणि आठवड्यात कडेला हिरवट बुरशी. शेंगा चटणीला पण वास. टॉवेल दोन दिवस वाळायचा नाही, इथं गच्चीवर टाकला की चहा होईपर्यंत खडखडीत. मुंबईत निदान पाऊस सरला की हवा जरा कोरडी होते, तुमच्याकडं तर कोरडा असा महिनाच नाही, वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आपला सातशेच्या आसपास आणि त्यातला पण बराच सप्टेंबरात.

आणि काकूंचं सगळं आयुष्य या कोरडेपणावर बसलेलं आहे. तुमचं बाळीवेसचं जुनं घर बघ, माळवद, जाड भिंती, पाऊस कमी म्हणून तर मातीचं धाबं टिकलं. मालदांडी ज्वारी परतीच्या पावसाची ओल धरून थंडीत येते, मग जानेवारीत हुरडा, संक्रांतीला गड्ड्याची यात्रा आणि पहाटे अंगावर चादर. काकू नोव्हेंबर लागला की वाळवणाचे डबे पुसून काढतात. वर्षभर एकच ऋतू ही गोष्ट त्यांना ऐकून पण माहीत नाही.

म्हणजे नेऊ नको असं मी म्हणत नाहीये, उलट. गेल्या मेमध्ये त्या दुपारी मंडईतनं आल्या आणि दारातच बसल्या, ऊन लागलं होतं, मी पोचेस्तोवर ओठ कोरडे पडलेले आणि घाम अजिबात नाही. कोरड्या उन्हात घाम येतो तसा उडून जातो, म्हणून आपलं पाणी चाललंय हे कळतच नाही, आणि वय झालं की तहान पण कमी लागते. तेव्हा तुला जास्त सांगितलं नव्हतं, तू लांब, उगाच घाबरशील म्हणून. तर मार्च ते जून या चार महिन्यांसाठी तुमची हवा त्यांना इथल्यापेक्षा शंभर पट चांगली. घाम येईल, चिकचिक होईल, पण ४३ ची दुपार नसेल.

फक्त कायमचं म्हणू नको. मार्चला ने, पावसाळा इथं धरला की पाठव, आणि निदान ऑक्टोबर ते फेब्रुवारी त्यांना इथं राहू दे. तिकीट रिटर्नच काढ. घराची किल्ली माझ्याकडं असू दे, टाकी, लाईट बिल, पावसाच्या आधी माळवदावर माती टाकणं, सगळं मी बघतो.

तिथं गेल्यावर त्यांच्या खोलीत एसी एकदम १८ वर लावू नको, २६-२७ ठेव, आणि बस-मॉलमध्ये गार लागतं म्हणतोस तर सोबत एक पातळ चादर मी आमच्याकडचीच देतो. भाकरी पण देतो, पण स्टीलच्या डब्यात घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवायला सांग, दोन-दोन काढून खा. काकूंशी आधी बोल, त्यांना विचारून ठरव, आणि तारीख कळव म्हणजे आदल्या दिवशी भाकरी सांगून ठेवतो.

तुझा,
महेश