निवतीच्या खडकांवर उतरायचं नाही

सांगली,
मे महिन्याची अखेर

प्रिय विन्या,

वेंगुर्ला रॉक्स, म्हणजे निवतीसमोरचे समुद्रातले खडक, यांबद्दल मी एवढं सगळं सांगितलं आणि तू परत एकच विचारलंस, "खडकावर उतरता येतं का?" फोनवर नुसतं नाही म्हटलं असतं तर तू दुसऱ्याच कुणाला तरी गाठून उतरला असतास, ओळखतो तुला. म्हणून हे पत्र.

आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीवरनं निवतीला गेलो आणि पहाटे होडीत बसलो. किनाऱ्यापासून हे खडक बरेच आत आहेत. लांबून फक्त दीपगृह दिसतं आणि बराच वेळ ते जवळ येतच नाही. मधे एकदा तांडेलानं, म्हणजे होडी चालवणाऱ्यानं, इंजिन मंद केलं आणि म्हणाला, "गादो." डॉल्फिनला तिकडं गादा म्हणतात. करड्या पाठी वर आल्या, गेल्या. उड्याबिड्या काही नाहीत. फोटो काढणारे वैतागले, मला बरं वाटलं.

खडक जवळ आले तसा आधी वास आला, मग गोंगाट. विष्ठेनं कडे पांढरेफटक झालेले. आणि वर सुरय पक्षी! आपल्या हरिपूरच्या संगमावर दिसतो तो नदी सुरय पिवळ्या चोचीचा. हे निराळे. पाठ गडद करडी, चोच काळी, डोळ्यावरून मागं गेलेली पांढरी भुवई. पक्षीवाले ब्रायडल्ड टर्न म्हणतात. एरवी हा पक्षी खोल समुद्रावर असतो, जमिनीशी त्याचं काम फक्त विणीपुरतं. मे महिन्यात इथं यायला लागतात, म्हणजे आपण माणसं समुद्रातून बाहेर पडतो तेव्हा. जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, आणि ऐन त्या उधाणात यांचं पिल्लू वाढतं. एका जोडीचं अंडं एकच, खडकाच्या कपारीत नाहीतर दगडाच्या आडोशाला. मला तरी ही हुशारीच वाटते. पावसाळ्यात तिथं कोण मरायला जाणार?

पाणी कुठलं पितात म्हणशील. समुद्राचंच. डोळ्यांच्या वर ग्रंथी असतात, त्या रक्तातलं जादा मीठ काढतात आणि ते खारं पाणी नाकपुड्यांतून ठिबकतं.

शाळेत काँग्रेसचे संस्थापक म्हणून आपण ज्यांचं नाव घोकलं, ते ॲलन ह्यूम 1875 मध्ये इथं येऊन गेलेत. पक्ष्यांचं वेड होतं त्यांना. पण आले विणीच्या आधी, तेव्हा त्यांना सापडली ती मागच्या हंगामातल्या सुरयांची वाळून कडक झालेली शवं. पुढं दहा वर्षांनी काँग्रेसच्या स्थापनेत असलेला हा माणूस आधी इथं पक्षी बघत हिंडत होता, हे तेव्हा कुठल्या बाईंनी सांगितलं असतं तर इतिहासात मला जरा बरे मार्क पडले असते.

इथल्या एका बेटाला बर्न्ट आयलंड म्हणतात. त्याच्या पोटात गुहा आहेत आणि गुहांत पाकोळी पक्षी. लाळेनं भिंतीला घरटं चिकटवतात आणि मिट्ट काळोखात टकटक आवाज करून, त्याच्या प्रतिध्वनीवर वाट काढतात. वटवाघळांचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, यांचा येतो. त्या लाळेच्या घरट्यांचं सूप करून खाणारे लोक जगात आहेत, त्यामुळे ही घरटी चोरली जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं या पाकोळ्यांसाठी बरंच काम केलंय. आम्ही गुहेच्या तोंडाशी लांब उभे राहिलो, पाकोळ्या डोक्यावरून सुसाट आत-बाहेर. तेवढं पुरे.

आता उतरण्याचं. आमच्यातल्या एकानं तुझाच प्रश्न तांडेलाला विचारला. तो सुकाणू न सोडता म्हणाला, "उतरान काय करतलात?" कुणाला उत्तर सुचेना. माणूस खडकावर चढला की सगळे सुरय एकदम उठतात. अंड्यांवर मेचं ऊन पडतं, खडक तव्यासारखा तापलेला. वर काकण, म्हणजे समुद्रगरुड, फिरतच असतो. तो एरवी मासे नि समुद्रसाप खातो, पण उघडं पडलेलं पिल्लू काय सोडतोय! आपला फोटो होतो आणि त्यांचं वर्षाचं एकुलतं एक अंडं जातं. अंड्याचे रंगही दगडासारखेच, म्हणजे पायाखाली काय गेलं हे कळायचंसुद्धा नाही.

"पण एकट्यानं काय होतंय?" हे तुझं ठरलेलं वाक्य. संगमावर वाळूत नदी सुरयाची अंडी असतात, तिथंही प्रत्येक जण एकटाच येतो, कुत्रं घेऊन.

होडीतनं दिसत नाही हेही खोटं. डुलत्या होडीत कॅमेरा स्थिर राहत नाही, हे खरं. दुर्बीण आण, आठ बाय बेचाळीसची, जास्त ताकदीची नको, होडीत सगळं नाचतं. सकाळी पोटभर खाऊ नकोस. आता पाऊस आलाच, यंदा होणे नाही. पुढच्या मेच्या सुरुवातीला चार दिवस मोकळे ठेव आणि उतरणार नाही हे मला आधी लिहून पाठव, मग मी तांडेलाशी बोलतो. भडंग मी आणतो, पण ते होडीत बसायच्या आधी मागायचं नाही.

वहिनींना नमस्कार, पोरांना पापे.

तुझा,
बाळ्या