पालमच्या म्युझियममध्ये भेटलेल्या काकांना

काका, तुम्ही नाव सांगितलं नाहीत आणि मलाही तेव्हा विचारायचं सुचलं नाही, म्हणून हे असं जाहीर लिहितेय, कुणीतरी तुमच्यापर्यंत पोचवेल.

दिल्लीला पालमच्या एअर फोर्स म्युझियममध्ये नॅट विमानासमोर माझा मुलगा "आई, एवढुसं विमान? हे लढायचं?" असं विचारत होता, मी पाटीवरचं वाचून काहीतरी सांगत होते, आणि मराठी ऐकून तुम्ही थांबलात. एअर फोर्समधून रिटायर झालोय एवढंच म्हणालात.

निर्मलजित सिंग सेखों हे नाव मला माहीत होतं, परमवीर चक्र मिळालेले हवाई दलातले एकमेव, पण ते शाळेत पाठ केल्यासारखं. तुम्ही माझ्या मुलाला 14 डिसेंबर 1971 ची सकाळ सांगितलीत. श्रीनगरच्या तळावर पेशावरहून पाकिस्तानची 6 सेबर लढाऊ विमानं चालून आली. पुढचं नॅट उडालं आणि त्याने एवढी धूळ उडवली की मागे असलेल्या सेखोंना लगेच उडताच येईना. इथे तुम्ही थांबलात. "त्या धुळीचा विचार कर बाळा," म्हणालात, "कॉकपिटमध्ये बसलाय, आणि धूळ बसायची वाट बघतोय." धूळ बसेपर्यंत सेबर डोक्यावर, गोळीबार चालू. पोरगं पटकन म्हणालं, मग उतरून पळायचं ना! तुम्ही रागावला नाहीत हो, त्याच्यासमोर उकिडवे बसलात आणि म्हणालात, उतरला असता तर कुणी एक शब्द बोललं नसतं.

मग डाव्या तळहाताचं नॅट आणि उजव्याचं सेबर करून ती झुंज दाखवलीत, अगदी झाडांच्या शेंड्यांवरून. दोन सेबरना सेखोंचा मारा लागला असं परमवीर चक्राच्या प्रशस्तिपत्रात आहे, पण समोरचे होतेच तेवढे. विमानाचे अवशेष दरीत सापडले, ते स्वतः सापडले नाहीत. लग्नाला काही महिनेच झाले होते, हे सांगताना तुम्ही दुसरीकडे बघत होतात, मला दिसलं ते.

काका, खूप खूप थँक्यू. पोरगं अजून जेवताना मधेच हाताची विमानं करतं आणि दरवेळी आधी डावा हात टेबलावर तसाच ठेवतं, थोडा वेळ, विचारलं तर म्हणतं थांब, धूळ बसू दे.

मी फोटो काढला होता, त्यात विमान अर्धंच आलंय पण तुमचे दोन्ही हात आलेत. तुम्हाला पाठवायचाय.