गड यादीत आले, पण चुना मळणारे हात कुठायत?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

११ जुलै २०२५ ला आपले ११ किल्ले आणि तमिळनाडूतला जिंजी असे १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, तेव्हा आमच्या वाईत पण सगळे खुश होते, प्रतापगड आमच्याच जिल्ह्यातला म्हणून जरा जास्तच. पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये. या गडांची डागडुजी करणार कोण? पैशाचं नाही म्हणत मी, माणसांचं म्हणतेय. चुना मुरवणारी, दगड घडवणारी, खिळा न मारता लाकडाचा सांधा बसवणारी माणसं.

घरचाच अनुभव सांगते. आमचा वाडा जुना, खाली दगडी जोतं आणि वर भाजक्या विटा. काही वर्षांपूर्वी मागच्या भिंतीला ओल आली म्हणून एका कॉन्ट्रॅक्टरनं जुना गिलावा सगळा खरवडून सिमेंटचं प्लास्टर मारून दिलं, दिसायला एकदम चकाचक. तिसऱ्या पावसाळ्यात त्याला फुगे आले, लोणा लागला, आणि एक दिवस पाटाएवढा तुकडा धाडकन खाली आला, बघतो तर आतली वीट नखानं खरवडली तरी भुगा पडतोय. जमिनीतली ओल जुन्या भिंतीत चढतेच, चुन्याच्या गिलाव्यातून ती उडून जाते, सिमेंट तिला बाहेरच पडू देत नाही, मग ती आतल्या आत वीट खाते. हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्या कॉन्ट्रॅक्टरला पण माहीत नव्हतं.

मग शोधाशोध करून जवळच्या गावातले एक गवंडी मामा मिळाले, वय ७६. त्यांनी अंगणात खड्डा करून कळीचा चुना विरवला, असा काही उकळला की घरातली पोरं लांब पळाली, आणि मग महिनाभर तसाच पाण्याखाली ठेवला. आम्हाला वाटलं मामा टाइमपास करतायत. नंतर चाळलेली वाळू, विटेची सुरखी म्हणजे भुकटी, गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, आणि मळणं, मळणं, मळणं. मध्येच थोडा चुना थापीवर घ्यायचे आणि थापी उलटी धरायचे. पडला की परत मळायला लावायचे. किती वेळ मळायचा विचारलं तर म्हणाले, "थापी सांगंल." ती भिंत आता ४ पावसाळे झाले तरी कोरडी आहे.

मामांचा नातू २० वर्षांचा. पोराच्या नजरेत इतका अंदाज आहे की ओळंबा (भिंत सरळ आहे का बघायची वजन बांधलेली दोरी) लावायच्या आधी भिंत कुठं झुकलीय ते सांगतो. पण तो बाइकवर पार्सलं पोचवतो, कारण चुन्याचं काम वर्षातून एखादं येतं आणि हप्ते दर महिन्याला भरावे लागतात. त्याला काय बोलणार?

म्हणून माझं म्हणणं असं की गडांच्या जवळच्या आयटीआयमध्ये चुनाकाम, दगडकाम आणि जुन्या लाकूडकामाचा २ वर्षांचा कोर्स काढा. गवंडी आणि सुताराचे ट्रेड आहेतच, पण ते नव्या बांधकामाचे. अर्धा वेळ वर्गात आणि अर्धा वेळ खऱ्या साइटवर, स्टायपेंड देऊन, अप्रेंटिसचा कायदा तर १९६१ पासून आहे. आणि शिकवायला मामांसारखी माणसं घ्या, त्यांना सर्टिफिकेट विचारू नका, मामा चौथी शिकलेत. मुंबईचं सीएसएमटी बघा, १८८८ ला पूर्ण झालेल्या त्या इमारतीच्या नक्षीकामात जे.जे. या मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता, म्हणजे शिकता शिकताच पोरांनी खरं काम केलं आणि आज ते जागतिक वारसा आहे.

पण नुसता कोर्स काढून भागणार नाही, खरी मेख टेंडरमध्ये आहे. सगळ्यात कमी रेटवाल्याला काम दिलं तर तो चुना महिनाभर कशाला मुरवत बसेल, गुपचूप सिमेंट मिसळून मोकळा होणार. तेव्हा टेंडरमध्येच लिहा की हजेरीवर इतके शिकलेले चुनाकारागीर आणि पाथरवट पाहिजेतच, आणि चुना मुरायला लागणारे दिवस मुदतीत धरा. तरच त्या पोरांना बारा महिने काम मिळेल. आपल्या ११ पैकी ७ गड केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत, पण साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे ४ राज्याकडेच आहेत, तिथून सुरुवात करायला दिल्लीची वाट बघायची काय गरज?

तरुण पोरांना आवड नाही असं कृपा करून कुणी म्हणू नका. दर रविवारी कितीतरी पोरं स्वखर्चानं गडावर जाऊन टाक्यांतला गाळ काढतात, झाडोरा तोडतात. कितीतरी गडांवर चुन्याच्या घाण्याचं दगडी चाक अजून पडलंय, त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढतात, पण तो घाणा फिरवून चुना कसा करायचा हे त्यांना दाखवलंय कुणी? मग उत्साहाच्या भरात कुठंतरी निसटलेली पायरी सिमेंटनं जोडून येतात, मनापासून केलेलं असतं पण दगडाचं नुकसानच होतं.

आमच्या वाड्याची स्वयंपाकघराकडची भिंत अजून बाकी आहे, दिवाळीनंतर काम काढतोय. मामा शिकवायला तयार आहेत, नातवानंही महिनाभर सुट्टी टाकायचं कबूल केलंय. आसपासच्या ४-५ पोरापोरींना शिकायचं असेल तर या, जेवण आणि रोजची हजेरी आम्ही देऊ.

एक वाचक, वाई