आईची लाल पाटी

सनीव्हेल, कॅलिफोर्निया
१४ सप्टेंबर

तीर्थरूप बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर दोनदा सांगायला घेतलं आणि दोन्ही वेळा पावसावर नेऊन ठेवलं. जीभच रेटेना. म्हणून सरळ लिहिते आहे. बाबा, आईची ती लाल पाटी गेली. म्हणजे हरवली नाही, जप्त झाली.

एप्रिलमध्ये आई घसरून घोटा मोडला, तेव्हा इथल्या डॉक्टरांनी फॉर्मवर सही केली आणि सहा डॉलर भरून आपण ती पाटी आणली होती. अपंगांसाठी राखलेल्या निळ्या जागेत गाडी लावता यावी म्हणून आरशाला टांगायची ती. लाल म्हणजे तात्पुरती, जास्तीत जास्त १८० दिवसांची. कायमची असते ती निळी. तुम्ही ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परतलात आणि पाटीवरची तारीख होती ऑक्टोबरची. विमानतळावर बॅगा चढवताना तुम्ही म्हणालात ते मला शब्दन् शब्द आठवतं आहे: "अजून दोन महिने चालते ना? मग वापरा की. फुकट कशाला घालवायची!" दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालणाऱ्या घरातलं वाक्य ते. मी हसले आणि पाटी गाडीच्या कप्प्यात ठेवून दिली. परत द्यायला हवी होती, हे मला माहीत होतं. हो, होतं.

गणपतीच्या आधीच्या शनिवारी तुमचे जावई मखराचं सामान आणायला मॉलमध्ये गेले. अर्धा तास घिरट्या घालूनही जागा मिळेना. तेवढ्यात दारासमोरची निळ्या रंगाची जागा मोकळी दिसली, कप्प्यात पाटी होतीच. टांगली आणि आत गेले. थर्माकोल घेऊन बाहेर आले तर गाडीपाशी साध्या कपड्यांतले दोघं उभे. इथलं गाड्यांचं खातं, म्हणजे आपलं आरटीओ समजा, त्याचे तपासनीस असे मॉलमध्ये, बाजारात, जत्रेत अधूनमधून उभे राहतात आणि पाट्या तपासतात. त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, पाटी कोणाच्या नावावर आहे?

"सासूबाईंच्या."

"त्या दुकानात आहेत का?"

"नाही."

"मग कुठे आहेत?"

"साताऱ्यात."

त्या माणसाने हा सातारा कॅलिफोर्नियात कुठे येतो, असं विचारलं म्हणे. आता हसू येतं, पण त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही.

पाटी त्यांनी तिथेच काढून घेतली आणि हातात कोर्टाचा कागद दिला. नियम असा आहे की जिच्या नावाची पाटी, तिला आणायला-सोडायला गाडी आली असेल तरच ती टांगायची. मुलगा असो, जावई असो, स्वतःच्या खरेदीसाठी ती चालत नाही. पाटीचा मालक वारला, तर घरच्यांनी ६० दिवसांत ती परत करायची. आणि साधी पार्किंगची पावती असते तसं हे प्रकरण नाही. पाटी नसताना त्या जागेत गाडी लावली तर पहिल्या खेपेला २५० ते ५०० डॉलर, दुसऱ्या खेपेला ५०० ते ७५०, पुढे हजारापर्यंत. दुसऱ्याची पाटी वापरली तर दंड २५० ते १,००० डॉलर, आणि मनात आणलं तर सहा महिन्यांपर्यंत कैदही. शिवाय वाहन चालवण्याच्या नोंदीत ते लागतं. तुम्ही त्या खांबावरच्या फलकाचा फोटो काढला होता ना, खुर्चीचं चित्र आणि खाली "कमीत कमी दंड २५० डॉलर"? तुम्ही तेव्हा रुपये करून बघितलेत, वीस हजारांच्या वर गेले, आणि "छापायचं म्हणून छापतात" म्हणालात. छापायचं म्हणून नाही छापत, बाबा.

पुढच्या महिन्यात तारीख आहे. पैशांपेक्षा ह्यांना घोर लागला आहे तो ग्रीन कार्डचा. त्या फॉर्मवर तुम्हाला कधी अटक झाली का एवढंच विचारत नाहीत, कधी असा कागद हातात पडला का हेही विचारतात. तिथे आता "हो" लिहायचं आणि खाली खुलासा: सासूबाईंची पाटी, थर्माकोल आणायला.

इतके कडक का, असं तुमच्या मनात येईलच. तुमची नोकरी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात गेली, म्हणून तुम्हाला आवडेल ते सांगते. २०१७ साली कॅलिफोर्नियाच्या राज्य लेखापरीक्षकांनी या पाट्यांचं खातं तपासलं. शंभरी गाठलेल्या किंवा ओलांडलेल्या पाटीधारकांची संख्या निघाली जवळजवळ २६,०००. आणि अख्ख्या राज्यात शंभरी पार केलेली माणसं होती अंदाजे ८,०००. बाकीच्यांच्या पाट्या कोण फिरवत होतं ते तुम्हीच ताडा. इथे पाटी असली की रस्त्यावरच्या मीटरला पैसे पडत नाहीत, वेळेची मर्यादाही नाही, त्यामुळे शहरात नोकरीला जाणाऱ्याला आजीची पाटी सोन्याची. त्यानंतर कायदा बदलला, आता निळी पाटीसुद्धा दर सहा वर्षांनी पुन्हा सही करून मागावी लागते. १९९९ मध्ये तर लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचे फुटबॉलपटू यात सापडले होते. धडधाकट, दारातून आडवे जाणारे गडी, आणि गाडीत अपंगांची पाटी!

पण मला खरी लाज वाटली ती कशाने, ते आईला माहीत आहे. आई, तो जूनमधला रविवार आठवतो? किराणा दुकानाबाहेर आपण गाडीत बसलो होतो, तुझा वॉकर मागे. शेजारच्या निळ्या जागेत त्या बाईंची व्हॅन होती. तिच्या बाजूला जमिनीवर तिरपे पट्टे मारलेली रिकामी जागा, बाबा जिला "एवढी जागा वाया" म्हणायचे ती. त्या पट्ट्यांवर कोणीतरी गाडी घुसवली होती. बाई चाकाच्या खुर्चीतून परत आल्या, मांडीवर पिशवी, पिशवीतून कोथिंबिरीची जुडी बाहेर आलेली. व्हॅनमधून खुर्चीसाठी रॅम्प खाली येतो तो त्याच पट्ट्यांवर टेकतो. तिथेच गाडी. त्यांनी बटण दाबून दार उघडलं, बघितलं, पुन्हा बंद केलं. आणि उन्हात थांबल्या. तू घड्याळ लावून पंचवीस मिनिटं मोजलीस. कोथिंबीर मान टाकून बसली. मग तो गाडीवाला समोशांचा डबा घेऊन आला, आपल्याच देशातला, आणि म्हणाला, "फक्त पाच मिनिटं!" तू काच खाली करून त्याला मराठीत जे सुनावलंस, ते त्याला मराठी येत नसतानाही कळलं.

ते सगळं बघून अडीच महिने झाले नव्हते, आणि पाटी मीच कप्प्यात ठेवली होती. ह्यांना मी काही बोलू शकले नाही.

बाबा, आता तुमच्याकडे एक काम. आई परवा सांगत होती की काठी घेऊन ती तीन पायऱ्या चढते, कारण रॅम्पच्या तोंडाशी ॲक्टिव्हा असते. कोणाची, ते तिने सांगितलं नाही, पण मला नंबर पाठ आहे. तिकडे कोण विचारतंय, असं म्हणू नका. मी विचारते आहे. जिन्यामागे जागा आहे, दहा पावलं जास्त चालावं लागेल. डॉक्टरांनी तुम्हाला चालायलाच सांगितलं आहे.

आईला घोट्याचे व्यायाम चुकवू देऊ नका. ताईला आशीर्वाद नकोत, तिला फोन हवा आहे, तो करा.

तुमची लेक

ता. क. पाटीबरोबर मिळालेला तो कागद आईच्या तपकिरी पर्समध्ये, आतल्या चेनच्या कप्प्यात आहे. तो आता फाडून टाका. कपाटातल्या फाइलीत लावू नका.