ओंक्याची चाचणी

कोल्हापूर, रविवार

शिऱ्या,

पत्र नाही म्हणून शिव्या घालत असशील, घाल. तब्येत बरी, शुगर आहे तिथंच. पण परवा ओंक्याचं जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही.

कागलच्या एमआयडीसीत एका कंपनीत डिप्लोमावाल्यांची भरती होती. लेखी चांगली गेली. मग मोबाईलवर स्वभावाची चाचणी. 'मला कधीच राग येत नाही.' 'मी कुणाच्या मागं वाईट बोलत नाही.' समोर 'पूर्ण सहमत' ते 'अजिबात नाही'. ओंक्यानं खरंखरं भरलं. राग येतो, बोलतो. येतोच की, आमच्या रिमोटला चिकटपट्टी उगाच नाही! यादीत नाव नाही. चाचणीनंच घालवलं का, कोण सांगणार? पण क्लासची पोरं साळसूदपणे सगळं गोडगोड भरून आली, त्यातली दोघं लागली.

सुमी मानसशास्त्र शिकते. ती म्हणते, हा डाव जुनाय. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या १९४३ च्या चाचणीत लबाड हुडकायला १५ वाक्यं पेरलेली, सगळ्यांच्याच हातनं होणाऱ्या बारक्यासारक्या चुकांची. सगळ्यालाच 'मी नाही त्यातला' म्हणणारा तिथं घावायचा. आणि मूळची ती मनोरुग्णांसाठी केलेली, भरतीसाठी नव्हेच. पुढं १९५६ साली विल्यम व्हाइट नावाच्या अमेरिकनानं आपल्या पुस्तकाच्या शेवटी असल्या चाचण्यांत फसवायचं कसं तेच छापलं. आईबापांबद्दल विचारलं तर म्हणायचं, दोघांवर प्रेम, पण बापावर जरा जास्त. हे मी हिला वाचून दाखवलं. रात्री ताटात भाकरी आणि नुसता ठेचा.

आता दुसऱ्या कंपनीची चाचणी आलीय. ओंक्या विचारतो, "बाबा, या वेळी काय भरू?" ही म्हणते, क्लास लावा. खोटं शिकायला फी भरायची, आणि वर पकडला गेला तर? सुमी म्हणते, आता दोन चांगली वाक्यं देऊन त्यातलं एक निवडायला लावतात. मेहनती का मनमिळाऊ? दोन्ही असला तर पोरानं काय करायचं? अरे, स्वभावच बघायचा तर आठ दिवस भट्टीपुढं उभा करा की त्याला!

फाउंड्रीच्या इंटरव्ह्यूत "नाइट जमेल?" म्हटल्यावर तू "झोप येते साहेब" म्हणालास. मी "जमेल की" म्हणालो आणि लागलो. रंकाळ्यावर मी तुला येडा म्हणालो. तू मला काय म्हणालास ते लिहीत नाही, पत्र ही वाचते. पण तुझा साहेब निदान हसला तरी होता. मोबाईल हसत नाही रे.

वहिनींचा गुडघा कसाय? फ्लॅटची किल्ली मिळाली का? बिल्डरला सोडू नकोस.

ओंक्याला तुला फोन करायला सांगितलंय. माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल. काय भरायचं ते तूच सांग. झोपेचा किस्सा तेवढा सांगू नकोस, तसाच्या तसा भरून येईल.

तुझा,
बाळ्या