विषय: किचनचं कॅबिनेट बसवताना भिंतीतली वायर तुमच्या फिटरनं फोडली त्याबद्दल

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा सातवा कॉल संपला, म्हणजे तिकडूनच कट झाला, म्हणून लिहायलोय.

लातूरच्या घराला प्लास्टर करायच्या आधी मी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून ठेवलेले, टेप लावून, कोपऱ्यापासून वायरचा पाइप किती इंचावर ते दिसेल असे. तुमचा डिझायनर मापं घ्यायला आला त्याच दिवशी ते त्याला व्हॉट्सअॅपवर टाकले, निळ्या टिका पण आल्या. तरी फिटरनं स्विचबोर्डाच्या बरोब्बर वर ड्रिल घातलं. अहो, बोर्डातली वायर सरळ वरच जाते, हे आमच्या गल्लीतल्या पोरालाही माहितीये. त्याच्या बॅगेत वायर डिटेक्टर होता, पण "सेल संपलेत काका."

ड्रिल घातल्या घातल्या घरातली लाइट गेली. यानं डीबीतली (मेन बोर्डातली) आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइट तोडणारा स्विच, वर केली, "व्होल्टेजचं असल" म्हणला, गिट्टी (स्क्रू धरणारी खुंटी) ठोकली, स्क्रू पिळला अन् कॅबिनेट टांगून मोकळा. आठ दिवसांनी फ्रिज सुरू झाला की आरसीसीबी पडायला लागली, कधी रात्री दोनला, कधी पाहुणे ताटावर असताना. एमसीबी (शॉर्ट झाला की पडणारा स्विच) हलत नव्हती, कारण शॉर्ट नव्हताच, न्यूट्रल अन् अर्थिंग एकमेकाला चिकटलेलं, करंट अर्थिंगात गळायचा. वायरमननं मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावला तर किचनची लाइन शून्य. कॅबिनेट उतरवून टाइल फोडली तर पाइप आरपार, हिरवी (अर्थिंगची) वायर सोललेली, काळी (न्यूट्रलची) निम्मी तुटलेली, अन् मधे तुमचा स्क्रू, दातात सुपारी अडकावी तसा. वायर ओढून बदलावी म्हणलं तर गिट्टी पाइपात रुतलेली, वायर सरकंना. आता वरपर्यंत झिरी मारावी लागणार, म्हणजे भिंतीत खाच खोदावी लागणार. काळीच्या जागी लाल (करंटची) वायर सोलली असती तर काय झालं असतं, ते तुम्हीच सांगा.

अन् आजचा कॉल ऐका. मॅडम म्हणल्या, "सर, कन्सील्ड वायरिंग आमच्या स्कोपमध्ये येत नाही." म्हणलं, मग ड्रिल तिथं कसं आलं? "सर, तुमची वायर आमच्या ड्रिलिंग पॉइंटवर होती." मॅडम, वायर दोन वर्षांपासून तिथंच आहे, आलं ते ड्रिल! "तुम्ही फिटरला तोंडी सांगितलं होतं का?" फोटो पाठवलेत म्हणलो. "फोटो डिझायनरकडं असतात सर, फिटरकडं नसतात." मग दोघांत अबोला आहे का, विचारलं, तर होल्डवर टाकलं. चार मिनिटं ट्यून. मग कुणीतरी साहेब आले अन् म्हणले, वायरमनला जॉइंट मारून टेप गुंडाळायला सांगा, कॅबिनेट परत बसवायला 3,500 व्हिजिट चार्ज लागेल. पाइपात जॉइंट! प्लास्टरच्या आत! तुमच्या घरी मारा की.

तुमच्याच फॉर्मवर रकाना आहे, "ड्रिलिंगआधी वायर-पाइपची लाइन मार्क केली", त्यावर फिटरची टिक आहे. भिंतीवर पेन्सिलीची एक रेघ दाखवा, मी तक्रार मागं घेतो. अन् फोटो पाठवले होते, परत लिहितो, फोटो पाठवले होते.

झिरी, नवीन वायर, प्लास्टर, टाइल्स (त्या लॉटच्या मिळत नाहीत, ते पण तुम्हीच बघा) अन् कॅबिनेट बसवणं, सगळा खर्च तुमचा. 15 दिवसांत लेखी उत्तर द्या, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात जातो, तिथं 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी पण लागत नाही. नांदेडच्या मेहुण्याला तुमचंच किचन घ्या म्हणून मीच सांगितलेलं, आता तो रोज विचारायलाय की काय करू, अन् मला तोंड दाखवायला जागा नाही.

ता.क. फ्रिज सध्या हॉलमधून एक्स्टेंशन ओढून चालू आहे, आई त्यात अडखळून एकदा पडता पडता वाचली. तुमचा स्क्रू डबीत जपून ठेवलाय. न्यायला आलात तर व्हिजिट चार्ज 3,500.