सोबत आलेल्यांच्या करिअरचं खातं कुणाकडे?

प्रति,
डॉ. एस. जयशंकर,
परराष्ट्रमंत्री, भारत सरकार

विषय: नोकरीनिमित्त परदेशी जाणाऱ्यांच्या जोडीदारांना आपलं काम सुरू ठेवता येण्याबाबत

सन्माननीय महोदय,

आपल्या खात्यातला अधिकारी परदेशी बदलीवर निघाला की त्याच्या बायकोच्या किंवा नवऱ्याच्या नोकरीचं काय, हा प्रश्न सरकारने फार पूर्वी ओळखला. राजनैतिक पासपोर्टावर राहणाऱ्या जोडीदाराला यजमान देशात पगारी काम सहजासहजी करता येत नाही. म्हणून भारताने अनेक देशांशी द्विपक्षीय करार केले: तुमच्या दूतावासातल्या लोकांच्या जोडीदारांना आम्ही काम करू देतो, आमच्यांना तुम्ही करू द्या. नोकरीपुरतं राजनैतिक संरक्षण सोडायचं, कर तिथल्या कायद्याने भरायचा, हे बारकावेही त्यांत लिहिलेले असतात. करार चांगलेच आहेत. पण हाच प्रश्न हिंजवडीहून आइंडहोवनला आलेल्या इंजिनियरच्या घरातही असतो, आणि त्या घराचा विचार करणारं टेबल आपल्या खात्यात मला तरी सापडलं नाही.

मी नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला लागून असलेल्या फेल्डहोवनमध्ये राहते. चिप बनवण्याची यंत्रं तयार करणारी एएसएमएल इथलीच, त्यामुळे पुणे, बेंगळुरू, हैदराबादहून आलेली कुटुंबं गल्लोगल्ली. पुण्यात मी स्ट्रक्चरल इंजिनियर होते, इथेही आता तेच काम करते. मधली काही वर्षं घरी गेली. आम्ही चौघी-पाचजणी महिन्यातून एकदा लायब्ररीत टेबल धरून बसतो आणि नव्याने आलेल्यांचे सीव्ही आणि कागद बघतो. संस्था नाही, अध्यक्ष नाही, पावतीपुस्तक नाही. येतात त्यांत बायका जास्त, पण बायकोच्या नोकरीमागे आलेले नवरेही असतात, आणि त्यांची पंचाईत वेगळीच. त्यांना रोज फोनवर कुणीतरी विचारतं, "मग दिवसभर करतोस काय?"

कायद्याची बाजू मी आपल्याला काय सांगणार! आपण टोकियोच्या दूतावासात होतात, सिंगापूरला उच्चायुक्त होतात, वॉशिंग्टनला राजदूत होतात. नेमक्या याच तीन देशांत जोडीदाराच्या कामाचे तीन वेगळे नमुने बघायला मिळतात. जपानमध्ये आश्रित व्हिसावरच्या माणसाला वेगळी परवानगी काढून आठवड्याला 28 तास काम करता येतं. म्हणजे दुकानात, हॉटेलात अर्धवेळ जमतं, शिकलेल्या पेशातली पूर्णवेळ जागा नाही. अमेरिकेत एच-4 व्हिसावरच्या, म्हणजे एच-1बी नोकरदारांसोबत आलेल्या जोडीदारांसाठी 26 मे 2015 पासून कामाचा परवाना सुरू झाला. तेव्हा आपण परराष्ट्र सचिव होतात. पण तो मिळतो ग्रीनकार्डाच्या रांगेत ठरावीक टप्पा गाठलेल्यांनाच. अधूनमधून तो कोर्टात खेचला गेला, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये नूतनीकरणाच्या काळात आपोआप मिळणारी मुदतवाढही तिथल्या सरकारने काढून घेतली. अर्ज महिनोन्‌महिने पडून राहिला तर चालू नोकरीतला माणूस एका सकाळी घरी बसतो. त्याची चूक एवढीच की फाइल दुसऱ्याच्या टेबलावर आहे.

सिंगापूरचं उदाहरण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. 2005 च्या भारत-सिंगापूर सर्वंकष आर्थिक सहकार्य कराराचं नववं प्रकरण माणसांच्या ये-जा करण्याबद्दल आहे. त्यात जोडीदारांच्या कामाचं स्वतंत्र कलम आहे: दीर्घ मुदतीने आलेल्यांच्या जोडीदारांना व्यवस्थापक, अधिकारी किंवा तज्ज्ञ म्हणून काम करण्याचा हक्क अर्ज केल्यावर द्यायचा, अर्थात तिथले परवान्याचे नियम सांभाळून. म्हणजे वीस वर्षांपूर्वी आपल्याच वाटाघाटी करणाऱ्यांना हे सुचलं होतं आणि त्यांनी ते पदरात पाडूनही घेतलं होतं. पुढे मे 2021 पासून सिंगापूरने आश्रित पासधारकांना साध्या संमतिपत्रावर नोकरी करणं बंद केलं, आता स्वतःचा वर्क पास लागतो. तेव्हा त्या कलमाचं प्रत्यक्षात काय झालं, किती भारतीय जोडीदारांनी त्याचा आधार घेतला, हे आपल्या खात्याने कधी तपासलं आहे का? जुलै 2025 मध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारातही कंपनीअंतर्गत बदलीवर जाणाऱ्यांच्या जोडीदारांच्या कामाची सोय आहे. मग फ्रान्स, जर्मनी, इटली, ऑस्ट्रेलिया यांच्याशी आपण जे स्थलांतर आणि गतिशीलता करार केलेत, त्यांच्या पुढच्या आढाव्यात हा विषय दर वेळी का असू नये?

आता खरी गंमत. नेदरलँड्समध्ये यातला कुठलाच अडथळा नाही. उच्चकुशल स्थलांतरिताच्या जोडीदाराच्या कार्डावर स्पष्ट छापलेलं असतं की कामाला मोकळीक आहे, वेगळा परवाना नको. जर्मनीतही ब्लू कार्डवाल्याच्या, म्हणजे कुशल नोकरीच्या परवान्यावर आलेल्याच्या जोडीदाराला कुठलंही काम करता येतं. तरी आमच्या लायब्ररीतल्या टेबलाभोवती गर्दी असते. व्हिसा हा अर्धाच प्रश्न आहे, आणि उरलेल्या अर्ध्यावर आपल्याला कुठल्याही परदेशी सरकारची मनधरणी करावी लागत नाही.

एक कागद दाखवते. मागे एकजण आली होती, पुण्यातल्या आयटी कंपनीत आठ वर्षं टेस्टिंगमध्ये, शेवटी टीम लीड. तिचं रिलीव्हिंग लेटर चार ओळींचं: अमुक तारखेला रुजू, तमुक तारखेला मुक्त, वर्तणूक समाधानकारक, पुढील वाटचालीस शुभेच्छा. काय काम केलं, किती माणसं हाताखाली होती, कुठल्या प्रणालीवर, एक शब्द नाही. जर्मनीत नोकरी सोडणाऱ्याला कामाचं स्वरूप आणि दर्जा सांगणारं सविस्तर प्रमाणपत्र मागण्याचा कायदेशीर हक्क आहे, त्यामुळे तिथला एचआरवाला तसल्याच कागदाची वाट बघत असतो. आपलं चार ओळींचं पत्र बघून त्याला वाटतं, काहीतरी लपवताहेत. तिने जुन्या कंपनीला मेल केला. उत्तर आलं, धोरणानुसार यापेक्षा जास्त लिहून देत नाही. तिचा मॅनेजर एव्हाना दुसरीकडे गेलेला.

श्रम संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या, त्यांत प्रत्येकाला नेमणूकपत्र देणं सक्तीचं झालं. छान झालं. पण नोकरीत शिरतानाच्या कागदाइतकाच बाहेर पडतानाचा कागदही महत्त्वाचा असतो. कामाचं स्वरूप नमूद करणारं अनुभवपत्र मागण्याचा हक्क मिळावा, यासाठी आपण श्रममंत्र्यांशी बोलावं. खातं वेगळं हे मलाही कळतं. परदेशात त्या कागदाचं काय होतं ते मात्र आपल्याच खात्याला माहीत असायला हवं.

पदव्यांची कथा निराळी. तीन वर्षांची बीकॉम किंवा बीएस्सी अमेरिकेत बऱ्याचदा पूर्ण पदवी धरली जात नाही. पदव्यांचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थांना ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा, थेट विद्यापीठाकडून, सीलबंद पाकिटात हवं असतं. माझ्या वेळी ते काम माझ्या वडिलांनी केलं. विद्यापीठाच्या खिडकीवर त्यांना आधी चलन, मग कॉलेजचं पत्र, मग "साहेब रजेवर आहेत" असं सगळं ऐकावं लागलं, आणि शेवटी पाकिटावर शिक्का मारायचाच राहिला म्हणून सगळं पुन्हा. वयाच्या सत्तरीत त्यांनी हे हौसेने केलं म्हणून निभावलं. ज्यांचे आईवडील खेड्यात, त्यांनी काय करायचं? तिकिटाच्या आधी हे कागद काढून घ्या, एवढं कुणी सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

आपलं खातं आखाती देशांत जाणाऱ्या कामगारांना प्रस्थानपूर्व प्रशिक्षण देतं, त्याचा लोकांना उपयोग होतो. सोबत जाणाऱ्या शिकलेल्या जोडीदारांसाठी तसं काहीच माझ्या पाहण्यात नाही. बहुधा समज असा की शिकलेला माणूस गुगल करील. करतो की! पण काय शोधायचं ते आधी माहीत नसतं. दंतवैद्य मुलीला लग्न ठरताना कुणी सांगत नाही की अमेरिकेत बीडीएसवर थेट दवाखाना थाटता येत नाही; राष्ट्रीय परीक्षा आणि बहुतेक राज्यांत तिथल्या कॉलेजात पुन्हा दोन-तीन वर्षं, तीही डोळे पांढरे करणाऱ्या फीवर. इथे डच भाषा आणि पुन्हा परीक्षा. चार्टर्ड अकाउंटंटांचं त्यामानाने बरं: त्यांच्या संस्थेने परदेशी संस्थांशी परस्पर मान्यतेचे करार केलेत, मोठ्या शहरांत त्यांचे चॅप्टर आहेत, नव्या माणसाला पहिल्याच महिन्यात दहा ओळखी होतात. दंतवैद्य, फिजिओथेरपिस्ट, आर्किटेक्ट, वकील, शिक्षक यांच्या परिषदांना हे करायला सांगणारं कुणीतरी दिल्लीत हवं. मुंबईत बीकेसीला 2017 पासून आपल्या खात्याचं विदेश भवन आहे. पेशागणिक दोन-दोन पानांचं मराठी माहितीपत्रक तिथे आणि पासपोर्ट सेवा केंद्रांत ठेवायला कितीसा खर्च येणार?

ओळखींबद्दल जरा मोकळेपणाने लिहिते, कारण निम्म्या नोकऱ्या तिथेच अडतात. डच माणूस आपल्या क्षेत्रातल्या अनोळखी माणसाला "अर्धा तास कॉफीला भेटाल का?" असं सरळ विचारतो. समोरचाही तीन आठवड्यांनंतरची तारीख देतो आणि खरंच येतो. त्यात कुणी कुणावर उपकार करत नाही. आपल्या मध्यमवर्गात मात्र अशी भेट मागणं म्हणजे हात पसरणं. लिंक्डइनवर चार ओळींचा निरोप लिहायला चांगल्या शिकलेल्या बायका आठवडा लावतात, शेवटी "नको, बरं दिसत नाही" म्हणून पुसून टाकतात. आम्ही टेबलावर बसवून तो निरोप पाठवून घेतो, मगच चहा.

आणि आमची मंडळं! लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 सालचं, अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 चं. गणपती, दिवाळी पहाट, नाटक, उकडीच्या मोदकांची यादी यांत आमचा हात कुणी धरणार नाही. पण त्याच हॉलमध्ये दोन टेबलांवर नवरेमंडळी एकमेकांना आपापल्या कंपनीतल्या रिकाम्या जागा सांगत असतात आणि त्यांच्याइतक्याच शिकलेल्या बायका स्वयंपाकघरात वाट्या मोजत असतात. नव्या आलेल्या बाईची ओळख अमक्याची मिसेस म्हणून होते. ती काय काम करत होती हे दुसऱ्या गणपतीला कळतं. याचा दोष सरकारवर टाकणार नाही, हे आमचं आम्हीच निस्तरायचं. दूतावासाला मात्र इथे थोडक्यात पुष्कळ करता येईल. हेगला आपलं गांधी सेंटर हे सांस्कृतिक केंद्र आहे. योग, नृत्य, हिंदीचे वर्ग चालतात. त्याच जागेत तीन महिन्यांतून एक संध्याकाळ जोडीदारांच्या पेशांसाठी ठेवा. इथल्या भारतीय कंपन्यांच्या एचआरना बोलवा, आधी रुळलेल्यांना बोलवा. नाव, पेशा, शहर एवढीच नोंदवही ठेवा, म्हणजे उट्रेख्टच्या नव्या आर्किटेक्टला रॉटरडॅमची जुनी आर्किटेक्ट सापडेल. आज ती योगायोगाने इंडियन स्टोअरमध्ये कढीपत्ता घेताना सापडते.

जुनीच पुण्याची नोकरी इथून ऑनलाइन चालू ठेवावी, असंही अनेकींच्या मनात येतं. कंपन्या तयार होत नाहीत: कर कुठे, सामाजिक सुरक्षेची वर्गणी कुठे, उद्या तिथलं सरकार आमचं ऑफिस तिथे आहे म्हणालं तर? भारताचे बऱ्याच युरोपीय देशांशी सामाजिक सुरक्षा करार आहेत, पण त्यांतली तिथल्या वर्गणीतून सूट कंपनीने स्वतः पाठवलेल्या कर्मचाऱ्यासाठी. नवऱ्याची बदली झाली म्हणून आलेली बाई त्यात बसत नाही. पुढच्या फेरीत या गटाचा विचार व्हावा. हे किचकट आहे, वेळ लागेल, मान्य.

शेवटचा मुद्दा आकड्यांचा. 1983 च्या उत्प्रवासन कायद्याच्या जागी नव्या विधेयकाचा मसुदा आपल्या खात्याने 2025 मध्ये सूचनांसाठी जाहीर केला होता. परदेशी कामाला जाणाऱ्यांची नोंद जेव्हा केव्हा नीट होईल, तेव्हा सोबत जाणाऱ्याचं शिक्षण आणि पेशा हे दोन रकाने ऐच्छिक म्हणून तरी ठेवावेत. 9 जानेवारीच्या प्रवासी भारतीय दिवसाला आपण आमच्या पाठवलेल्या पैशांचे आणि गुणवत्तेचे आकडे अभिमानाने सांगता. किती डॉक्टर, इंजिनियर, शिक्षिका आपण देशाबाहेर पाठवून घरी बसवल्या, हाही आकडा एकदा त्या व्यासपीठावरून वाचला जाऊ दे.

दंतवैद्य, आर्किटेक्ट आणि शिक्षक यांच्यासाठी नेदरलँड्सपुरत्या माहितीपत्रकाचा मराठी मसुदा आम्ही टेबलावरच्या अनुभवातून तयार करतो आहोत. पूर्ण झाला की हेगच्या दूतावासात आणून देऊ. तो कुठल्या अधिकाऱ्याच्या हातात द्यायचा, एवढं कळवावं.

आपली,
फेल्डहोवनमधली एक पुणेकर इंजिनियर